पाच नंबरची वायर

भाऊजी, तुमची तेरवी होऊन चार दिवस झाले. पाहुणे गेले, अंगणातला मांडव उतरला, आणि आज सकाळी तुमच्या भावाने मला दुसऱ्यांदा विचारलं, "गाडी काऊन नाई काढून राहिली?" मी म्हटलं, शाळेत रजा टाकली आहे, मला कुठे जायचंय. त्यांनी मान हलवली आणि धानाच्या बांधीकडे निघून गेले.

खरं कारण मी त्यांना सांगितलेलं नाही. त्या दिवशी तिरोड्याच्या रेल्वे फाटकावर तुम्ही एक वाक्य अर्धं सोडलंत. सोडलं कसलं, मी तोडलं. "वयनी, ते पाच नंबर…" एवढंच ऐकलं मी. पुढे काय होतं, ते सतरा दिवस माझ्या डोक्यात घुमतंय. ते कळल्याशिवाय मला त्या गाडीची चावी हातात धरवत नाही.

तुम्हाला बोलायला लागलं की मी थांबत नाही, ही तुमची जुनी तक्रार. आता तर तुम्ही उठूनही जाऊ शकत नाही. तेव्हा ऐका.

बोलण्यावरूनच आपलं पहिलं भांडण झालं होतं. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही बारावीला होता. मी मराठीची मास्तरीण, आणि तुम्ही येता-जाता "करून राहिलो, जाऊन राहिलो." मी दरवेळी दुरुस्त करायची. सांगून राहिलो नाही भाऊजी, सांगतो आहे म्हणा. एकदा तुम्ही ताटावरून मान वर करून म्हणालात, "सांगतो म्हंजे सांगून मोकळा झालो, वयनी. सांगून राहिलो म्हंजे अजून संपलं नाई." त्यावर मी तुम्हाला भात जास्त वाढला. पुढे पंचवीस वर्षं मी तुमची मराठी सुधारत राहिले आणि तुम्ही माझी बिघडवत राहिलात. तुम्ही लग्न केलं नाहीत. विजेच्या प्लांटवर ठेकेदाराकडे वायरमन लागलात, सुटीच्या दिवशी निम्म्या गावाची वायरिंग केलीत, आणि डबा कायम माझ्या हातचा नेलात.

गाडी मी सत्तेचाळीसाव्या वर्षी घेतली. जुनी, छोटी, तीन मालकांनी वापरलेली. गोंदियाला नेऊन तिला मोरपंखी रंग मारून आणला. घरात ती चालवणारी मी एकटी. तुमच्या भावाची सायकल आणि तुमची मोटारसायकल, यापलीकडे या घराची मजल गेली नव्हती. त्या रंगावर माझा किती जीव होता, ते तुम्हाला सांगायला नको. तुम्हीच तर सगळीकडे सांगत फिरायचात की वयनी गाडी पुसते तेवढं भांडं घासत नाही.

ती गाडी दिवाळीच्या आधी नागझिऱ्याच्या रस्त्यावर बंद पडली. उन्हं उतरायला लागली होती. चावी फिरवली की एकदा 'टक' आवाज यायचा आणि दिवे मिणमिणायचे. एक वनरक्षक गस्तीवर होता, तो म्हणाला, "मॅडम, काच वर करून अंदरच बसा, हा बिबट्याचा रस्ता आहे." मी आत बसून तुम्हाला फोन केला. आवाज शक्य तितका शांत ठेवला होता, तरी तुम्ही अर्ध्या तासात पोचलात, आणि तुमच्या चपला वेगवेगळ्या जोडांतल्या होत्या. त्या दिवशी गाडी धक्का मारून काढली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मीटर लावून बसलात. बॅटरी पुरी भरलेली निघाली. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनला धरलंत आणि मला चावी मारायला लावलीत. जिथे शून्याच्या जवळपास आकडा हवा, तिथे जवळजवळ एक व्होल्ट दिसला. "तलाव भरून आहे वयनी, पन पाटात गाळ बसला," तुम्ही म्हणालात. तलाव बांधणाऱ्या घराण्यातला माणूस वीजही पाण्याच्या भाषेत समजावणार. करंट बॅटरीतून निघतो तेवढाच परत यावा लागतो, इंजिन तर रबरावर बसलेलं असतं, परत यायची एकुलती एक अर्थिंगची पट्टी गंजून गेली आहे, हे तुम्ही मला तीनदा सांगितलंत. शेवटी म्हणालात, "गाडीले अर्थच नाई राहिला." मी म्हटलं, मराठीच्या बाईला अर्थ शिकवता का. तुम्ही हसून म्हणालात, "तुमचा अर्थ वहीत. माझा अर्थ बोल्टाखाली."

मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहून तुम्ही ठरवलंत की नुसती जुनी पट्टी बदलायची नाही, पाच जाड वायरींचा आख्खा संच घरीच करायचा. वेल्डिंगवाल्याकडून जाड मऊ केबल आणलीत, आत केसांसारख्या बारीक तांब्याच्या तारा. वायर कुठून कशी जाणार ते आधी सुतळी टाकून मापलंत, पंख्याच्या पट्ट्यापासून लांब, सायलेन्सरच्या पाइपपासून लांब. केबलचं रबर सोलताना एक तार जरी तुटली तरी तुम्ही तो तुकडा बाजूला टाकत होता. टोकांना तांब्याच्या कड्या बसवल्यात, तुम्ही त्यांना थिंबल म्हणायचात, आणि मोठ्या पकडीने दाबून पायाखाली धरून खेचून पाहिल्यात. मग मला हाक मारलीत. वायरींवर पांढरी पट्टी चिकटवून आकडे घालायचे होते. "अक्षर तुमचं चांगलं." मी एक ते पाच आकडे मराठीत, वळणदार काढले. पाचाचं पोट जरा मोठं आलं तर तुम्ही म्हणालात, हा जेवून आला वाटते.

आणि मग ती ठिणगी.

बॅटरी सोडायला तुम्ही आधी लाल, म्हणजे पॉझिटिव्ह टोकाला पाना लावलात. घरच्या वायरिंगचा नियम तुमच्या हाडात मुरलेला होता. अर्थची वायर सगळ्यात आधी जोडायची आणि सगळ्यात शेवटी सोडायची. या नियमावर तुम्ही खांबावर चढून सुखरूप उतरत आलात. गाडीचा नियम नेमका उलटा, निगेटिव्ह आधी सोडायची. तुमचा पाना फिरता फिरता पत्र्याला टेकला. फाडकन आवाज झाला, डोळ्यांपुढे पांढरं झालं, पाना तुमच्या हातातून उडाला आणि माझ्या मोरपंखी रंगावर बोटाएवढा काळा डाग उमटला.

तुमचा हात भाजला का, हे मी विचारायला हवं होतं. मी डाग पाहिला. तुमचे भाऊ उभे होते, शेजारचे दोघं कुंपणावरून बघत होते, आणि त्यांच्यादेखत मी म्हणाले, "घरात बल्ब लावणाऱ्याने गाडीत हात घालू नये. आधी शिकून या." तुम्ही पाना उचललात, कापडाने पुसलात आणि खोलीत गेलात. पुढचे आठ दिवस तुमचा डबा तुमच्या भावाने नेऊन दिला. त्या आठ दिवसांत मी रोज एकदा तरी तुमच्या दारापर्यंत आले होते, भाऊजी. दार उघडंच असायचं. मला नुसतं आत यायचं होतं, तेवढंही माझ्याने झालं नाही.

नवव्या दिवशी सकाळी बॉनेट उघडं दिसलं. तुम्ही दहाचा पाना घेऊन उभे होता. मला पाहून वर्गात पाठांतर म्हणावं तसं म्हणालात, "सोडताना निगेटिव्ह पयले. जोडताना निगेटिव्ह शेवटी." माफी मागायची ती वेळ होती. मी म्हणाले, "पास." तुम्ही हसलात आणि कामाला लागलात. वादावर आपण दोघांनीही पडदा टाकला, असं मला त्या वेळी वाटलं.

चार वायरी दुपारपर्यंत बसल्या. पाचवी इंजिनवरून डाव्या बाजूच्या पत्र्यावर यायची होती, अगदी नव्या रंगावर, त्या काळ्या डागापासून वीतभर. तुम्ही पॉलिश पेपर काढलात आणि मी मध्ये हात घातला. तुम्ही समजावलंत. रंगातून करंट जात नाही, रंग म्हणजे रबरच, वॉशरएवढी जागा उघडी करतो, व्हॅसलीन लावतो, गंज धरणार नाही. मी म्हटलं, दुसरीकडे लावा. दुसरीकडे वायर पोचत नव्हती. मी म्हटलं, मग रंगावरूनच लावा, आणि एक ओरखडा जरी दिसला तर तुम्ही गेलात म्हणून समजा.

हे शब्द माझे आहेत. तुम्ही खांदे उडवलेत. "दिखाव्याची होईन मंग ती वायर," एवढं म्हणून बोल्ट हातात घेतलात. मी हाताची घडी घालून पहारा देत उभी राहिले. आतून कुकरची शिट्टी झाली तेव्हा डाळ करपेल म्हणून बाकीच्या शिट्ट्या होईपर्यंत आत गेले. परत आले तर तुम्ही पाना पुसत होता. "झालं वयनी. तुमच्या मनासारखं."

मग बॅटरीची निगेटिव्ह शेवटी जोडलीत आणि मी चावी फिरवली. गाडी अर्ध्या आवाजात उठली. दिवे दुपारीसुद्धा डोळ्यांत खुपले. तुम्ही एकेका सांध्यावर उलटा हात ठेवत गेलात, वायरमनची सवय, तळवा कधी लावायचा नाही. सांधा गरम लागला तर कच्चा, थंड लागला तर पक्का. पाचही थंड होते. पाचवा थंड लागला तेव्हा मी म्हटलं, बघा, रंग न खरवडताही चालते. तुम्ही म्हणालात, चालते तर. त्यानंतर घरात जो येईल त्याला मी हे सांगायची. तुम्ही शेजारी बसून भाकर मोडत असायचात आणि मान डोलवायचात.

पौषातली ती दुपार. तुम्ही सकाळची पाळी करून आलात, जेवायला बसलात आणि पहिला घास हातातच राहिला. बाहेर अंगावर काटा येईल अशी थंडी, आणि तुमच्या कपाळावर घाम. गॅस झाला म्हणालात. तुमचा डावा हात तुम्ही उजव्याने धरला होता. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली, यायला पाऊण तास लागेल असं कळलं. मी चावी घेतली. तुमच्या भावाने तुम्हाला मागच्या सीटवर घेतलं, डोकं मांडीवर. गाडी पहिल्या फिरकीला उठली. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, उठणारच, असं धरून चालले होते.

बोदलकशाच्या तलावाशेजारून गाडी मी कधीच इतकी जोरात हाणली नव्हती. तुम्ही मध्येच "हळू" म्हणालात, मी ऐकलं नाही. आणि तिरोड्याचं फाटक बंद. समोरून कोळशाची मालगाडी येत होती, तुमच्याच प्लांटची. फाटक उघडलं की निघायचं म्हणून मी गियर टाकूनच ठेवला होता, पाय क्लचवर. डबे मोजायला लागले. तीसच्या पुढे कुठेतरी माझा पाय क्लचवरून निसटला. गाडीने गचका खाल्ला आणि इंजिन बंद पडलं.

भाऊजी, नागझिऱ्याच्या रस्त्यावरचा तो 'टक' आवाज मला चावी फिरवायच्या आधीच ऐकू आला. मागे वाहनं लागली होती, पुढे डबे संपत नव्हते. माझा हात चावीवर होता आणि फिरत नव्हता. मागून तुमचा आवाज आला, अगदी बारीक. "लावा वयनी. लागते."

मी फिरवली. क्षणभर अडखळल्यासारखं वाटलं, आणि गाडी उठली. तुम्ही म्हणालात, "लागली नं." मग श्वास घेतलात. "वयनी, ते पाच नंबर…"

मी आरशात पाहिलं, तुमचं नुसतं कपाळ दिसत होतं. मी म्हटलं, "भाऊजी, आता बोलू नका. घरी आल्यावर भांडू."

तुम्ही हसलात, असं तुमचे भाऊ सांगतात. मला दिसलं नाही. फाटक उघडलं.

दवाखान्यात तुम्हाला आत नेलं आणि थोड्याच वेळात डॉक्टर बाहेर आले. मी आत जाऊन तुमच्या गालाला हात लावला, तर तो आपसूक उलटाच लागला. गाल थंड होता. तुमच्या नियमाने थंड म्हणजे सगळं नीट, हा विचार माझ्या मनात आला आणि माझी मलाच शिसारी आली.

तेव्हापासून ते वाक्य माझ्यामागे आहे. आयुष्यभर पोरांना रिकाम्या जागा भरायला लावल्या, आता माझी पाळी. ते पाच नंबर तुमच्या हट्टापायी कच्चं राहिलं, असं म्हणायचं होतं का? फाटकावर गाडी अडखळली ती त्यामुळेच, आता एवढा तरी रंग खरवडा, असं? की एवढंच, की तुम्ही कधीच ऐकत नाही? वाईट हे, की यातलं कोणतंही वाक्य तुम्ही बोलला असता तर ते खोटं ठरलं नसतं. शेवटच्या प्रवासात तुम्ही माझ्या एका चुकीबद्दल बोलत होता आणि मी तुमचं तोंड बंद केलं, एवढंच मला कळत होतं. तेरवीला लोक म्हणाले, वहिनीने जिवाचं रान केलं. मी मान खाली घातली, त्यांना ते दुःख वाटलं.

आज तुमचे भाऊ बांधीकडे गेल्यावर मी तुमच्या खोलीतून दहाचा पाना आणला. तुमच्या पिशवीत पॉलिश पेपरही होता, घडी घातलेला, वापरलेला. ठरवलं होतं की ती जागा स्वतःच्या हाताने खरवडायची, तुमचं म्हणणं निदान एकदा ऐकायचं. बॉनेट उघडलं. तुमचा धडा तोंडाने म्हटला आणि बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडली. मग डाव्या पत्र्याकडे आले. मोठ्या पोटाचा तो पाच तिथेच होता, माझ्या अक्षरातला. बोल्ट घट्ट होता. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा फिरला.

थिंबल उचललं आणि बघतच राहिले. खाली रंग नव्हता. वॉशरच्या आकाराचा गोल, नेमका तेवढाच, कडेला एक ओरखडा नाही. वर व्हॅसलीनचा पातळ थर, आणि खाली पत्रा नव्या नाण्यासारखा लखलखीत. बाहेरून पाहणाऱ्याला जन्मात कळलं नसतं. कुकरच्या शिट्ट्या होऊन गॅस बंद करून मी परत येईपर्यंतचा वेळ तुम्हाला पुरला होता.

मी तिथेच गाडीला टेकून खाली बसले. आधी हसले, मोठ्याने हसले, मग रडले. माझ्यासमोर बसून भाकर मोडत दोन महिने मान डोलावलीत तुम्ही. पाहुण्यांपुढे मी तुम्हाला हरवत होते आणि तुम्ही हरून घेत होता. फाटकावर ते सांगायचं होतं तुम्हाला. चोरी कबूल करायची होती. गाडी उठली ती कशामुळे, ते त्या अवस्थेतही तुमच्या पोटात राहीना.

जागा पुसली, व्हॅसलीन लावलं, पाच नंबर पुन्हा आवळला. निगेटिव्ह शेवटी. चावी फिरवली, गाडी उठली. जराही अडखळली नाही, त्या दिवशीही अडखळली नसावी. उतरून पाचही सांध्यांवर उलटा हात लावला. थंड.

आवाज ऐकून तुमचे भाऊ बांधीवरून आले. अंगणात थांबले, माझे काळे हात पाहिले. मी इंजिन चालूच ठेवलं आणि त्यांना म्हणाले, "भाऊजींचं बरोबर होतं." कशाचं, त्यांनी विचारलं. रंगाचं, मी म्हटलं, आणि त्या ठिणगीच्या दिवशी मी चारचौघांत जे बोलले, तेही चुकीचं होतं. त्यांनी बॉनेटखाली डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "हे त्याले सांगाले पायजे होतं तू."

मी शाळेत मराठी शिकवते, भाऊजी. तरी माझ्या तोंडून तुमचंच उत्तर निघालं.

"सांगून राहिली," मी म्हटलं.